वाढत्या अंगाची गिटार

"तुमची टेप दोन दिवस मिळेल का?" असं विचारल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या टेलरकाकांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. शिंप्याकडे कात्री मागू नये आणि टेपही मागू नये, हे मला कळत होतं.

"कायले पाह्यजे?"

"गिटार मोजायची आहे."

"खोळ शिवता का?"

खोळ नाही, गिटारच मोजायची आहे, असं सांगितल्यावर त्यांनी खांद्यावरची टेप काढून दिली, पण चेहऱ्यावरचा संशय काही गेला नाही. मशीनशेजारी शाळेच्या स्कर्टांचा गठ्ठा होता. सगळ्यात वरच्या स्कर्टाला आतून चांगली चार बोटं दुमड. माझी नजर तिकडे गेलेली पाहून म्हणाले, "वाढत्या अंगाचं हाय. पोट्टी वाढली का उसवाचं आन् खाली सोडाचं. दोन वर्सं पाहा लागत नाही."

यंदाच्या अंकाचा विषय 'माप' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला जमिनीची मोजणी आठवली नाही, पर्जन्यमापक आठवला नाही. आठवली ती भावाच्या घरी कपाटाला टेकून उभी असलेली गिटार. भाचा आठ वर्षांचा होता तेव्हा मीच ती घेऊन दिली होती. पूर्ण मापाची, स्टीलच्या तारांची, काळ्या चकचकीत रंगाची. "लहान घेतली तर दोन वर्षांत बाद होईल, मॅडम," दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. वाढत्या अंगाची घेतली. तीन आठवडे पोरगं त्या गिटारीच्या मागे बसलं. समोरून पाहिलं तर कपाळ, केस आणि गिटार, एवढंच दिसायचं. बोटांच्या टोकांवर तारांच्या रेषा उमटायच्या. चौथ्या आठवड्यात त्याने बॅट उचलली. "त्याला आवडच नाही," असा निकाल आम्ही मोठ्यांनी चहा पिताना देऊन टाकला. आता त्या गिटारीच्या खुंट्यांवर त्याचे मोजे वाळतात.

स्कर्टाला दुमड घालता येते. गिटारीला कुठे घालणार?

पिठाच्या गिरणीवरचा वर्ग

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या बाजूला एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत रविवारी सकाळी गिटारचा वर्ग भरतो. घेणारे सर नोकरी सांभाळून शिकवतात. गिरणी चालू असली की फरशी थरथरते आणि सर म्हणतात, "चला, तोवर बोटं मोडा." खिडकीच्या कठड्यावर पिठाची साय असते. एका कोपऱ्यात पाच-सहा गिटारी आणि जुन्या पाटांची चळत.

पाट कशाला, हे वर्ग सुरू झाला तेव्हा कळलं. शास्त्रीय गिटार धरण्याची रीत ठरलेली आहे: खुर्चीच्या कडेला बसायचं, डावा पाय थोडा उंच ठेवायचा आणि गिटारीची कंबर डाव्या मांडीवर टेकवायची. म्हणजे दांडी तिरकी वर जाते आणि डाव्या हाताला मनगट न मोडता तारांपर्यंत पोचता येतं. त्यासाठी घडीचं लोखंडी पायटेकू मिळतं. सरांकडे पाट आहेत, आणि अगदी लहानग्यांसाठी एक वीट. "पाय जमिनीला लागले पाहिजेत, लोंबकळता कामा नयेत," सर म्हणाले. "पाय लोंबकळले की पोर गिटारीचा आधार घेतं. गिटारीने पोराला धरायचं की पोराने गिटारीला?"

वर्गात त्या दिवशी नऊ मुलं होती. सहावीतला एक मुलगा, त्याची आई सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात परिचारिका. एक चौथीतली मुलगी सेलू तालुक्यातून वडिलांच्या मोटारसायकलवर आलेली. तिच्या मांडीवर चुलतभावाची पूर्ण मापाची गिटार होती. उजवा हात गिटारीच्या अंगावरून पलीकडे टाकताना तिचा खांदा कानाला लागत होता आणि डावा हात दांडीवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी, जाईपर्यंत कोपर सरळ झालेलं. अशा हाताने तार दाबायला ताकद उरत नाही; हात पोचण्यातच संपतो.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःची गिटार तिच्या मांडीवर दिली आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. गाण्याची पट्टी चढवायला वापरतात. "आता वाजव." मुलीचा हात आत आला, कोपर वाकलं. करंगळी, जी आतापर्यंत हवेत होती, ती तारेवर टेकली.

"हीच पाऊण गिटार," सर माझ्याकडे वळून म्हणाले. "विकत घ्यायच्या आधी अशी घालून पाहायची. चप्पल आपण पायात घालून पाहतो की नाही?"

पाऊण म्हणजे किती?

गिटारीचं खरं माप म्हणजे तिची उंची नाही. वाजणाऱ्या तारेची लांबी हे तिचं माप: दांडीच्या टोकाला जिथे तारा खाचेतून उतरतात त्या नटपासून, खाली घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत, म्हणजे सॅडलपर्यंत. मोठ्या माणसाच्या शास्त्रीय गिटारीत ही लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. स्पेनमधल्या अल्मेरियाचे अँतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने एकोणिसाव्या शतकात आजच्या गिटारीचा घाट बसवला, तेव्हापासून हे माप रूढ आहे.

त्याखालच्या मापांना पाव, अर्धी आणि पाऊण अशी नावं आहेत. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीचा माणूस लगेच हिशेब करील: ६५०चे पाऊण ४८७. पण पाऊण गिटारीची तार ४८७ नसते, ती असते ५८० च्या आसपास. ४८० ची तार पाव गिटारीला लागते. ही नावं व्हायोलिनवाल्यांकडून उसनी आली आहेत आणि तिथेही पाऊण व्हायोलिन लांबीने पाऊण नसतं. नावातल्या अपूर्णांकाचा गणिताशी संबंध नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी फसगत टळते.

उरलेली निम्मी अशी की, सगळ्यांची पाऊणही सारखी नसते. यामाहाची पाऊण मापाची गिटार ५८० मिलिमीटरची, अर्धी ५३५ ची. कॉर्डोबाच्या मुलांच्या मालिकेत ५८० ला 'अर्धी' म्हणतात आणि पाऊण असते ६१५ ची. म्हणजे एका घरची पाऊण ती दुसऱ्या घरची अर्धी. ऑनलाइन मागवणाऱ्या आईबापाने पेटीवरचा आकडा वाचून 'आमच्या मुलीला पाऊणच सांगितली आहे' म्हणून जी मागवली, ती साडेतीन सेंटिमीटरने लांब निघू शकते.

साडेतीन सेंटिमीटरने काय होतं? मोठ्या गिटारीवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर १३४ मिलिमीटर भरतं. ५८० च्या गिटारीवर तेच १२०, ५३५ वर ११०, आणि पाव गिटारीवर ९९. सुरुवातीचे सगळे धडे फ्रेटांमधल्या याच चार घरांत चालतात, चार घरांना चार बोटं. सरांनी मुलीचा डावा पंजा टेबलावर पसरायला सांगितला आणि टेलरकाकांच्या टेपने तर्जनीच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजलं. ताणून साडेअकरा. "ताणून नाही, सैल सोडून," सर म्हणाले. सैल सोडल्यावर नऊ. पहिल्या फ्रेटपाशी तर्जनी आणि चौथ्यापाशी करंगळी ठेवायला पहिलं घर सोडून उरलेल्या तिन्हींचं अंतर झाकावं लागतं: मोठ्या गिटारीवर ते ९८ मिलिमीटर, ५८० वर ८७, ५३५ वर ८०. मुलीची गिटार कोणती, हे टेबलावरच ठरलं.

दुकानातले तक्ते वयावर असतात: पाच-सहा वर्षांना पाव, सहा ते आठला अर्धी, आठ ते अकराला पाऊण. सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक. पण चौथीच्या एका वर्गात सगळ्यात बुटकं पोर आणि सगळ्यात उंच पोर यांत वीतभर फरक असतो, हे कुठल्याही शाळेच्या फोटोत दिसतं. खांदा वर न जाता उजवं कोपर गिटारीच्या काठावर टेकतंय का, डावं कोपर वाकूनही बोटं पहिल्या फ्रेटला पोचतायत का आणि करंगळी चौथ्या घरात उतरतेय का, एवढं पाहिलं की तक्ता लागत नाही.

दोन मापांच्या मध्ये पोर अडकलं तर? इथे आपला हात नेमका मोठ्याकडे जातो. सरांचं मत उलट आहे, आणि माझंही आता तेच झालं आहे. लहान गिटार वर्षभर आधी सुटली तर नुकसान पैशाचं. मोठी घेतली तर वर्षभर खांदा वर उचलून वाजवायची सवय लागते, आणि ती सवय पुढे पूर्ण मापाच्या गिटारीवरही जात नाही.

तारेचा ताण

पण पाऊण गिटार म्हणजे मोठ्या गिटारीची झेरॉक्स छोटी करून काढली, असंही नाही. तार आखूड झाली की तिचा स्वभाव बदलतो.

त्याच जाडीची तार त्याच सुरात लावायची आणि लांबी कमी करायची, तर ताण लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो. ५८० च्या गिटारीवर तो सुमारे वीस टक्क्यांनी कमी, ५३५ वर तिसऱ्या हिश्शाने कमी, आणि पाव गिटारीवर जवळजवळ निम्माच उरतो. निम्म्या ताणाची तार वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबते. दाबताना बोट जरा आडवं गेलं की सूर चढतो, जोरात छेडली तर फ्रेटवर फडफडते. पोरगं बरोबर दाबतं तरी बेसूर वाजतं, आणि सुराचा कान तयार होण्याच्या वयातच तो बिघडतो. म्हणून लहान गिटारींसाठी जाड तारांचे वेगळे संच निघतात. ते मिळाले नाहीत तर 'हाय टेन्शन' लिहिलेला साधा संच पाऊण मापापर्यंत चालून जातो.

पाव मापासाठी आणखी एक तोड आहे, आणि ती आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावी लागू नये. मिरजेत तंबोरे होतात. दीड शतकाहून जुनं काम आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर गायकाचा तंबोरा मोठा करतो आणि गायिकेचा लहान. बाईच्या हाताला पेलावा म्हणून नव्हे, तर तिची पट्टी वरची असते म्हणून. वरच्या सुराला आखूड तार. गिटारीचंही तसंच. मोठ्या गिटारीला पाचव्या फ्रेटवर कॅपो लावला तर वाजणारी तार उरते ४८७, म्हणजे पाव गिटारच. तेव्हा पाव गिटार खालच्या 'ई'त ओढूनताणून लावण्याऐवजी चौथ्या स्वराने चढवून 'ए'त लावली, तर साधी तारसुद्धा मोठ्या गिटारीइतकीच ताठ राहते आणि गोड वाजते. एकट्याने शिकणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला ती कुठल्या पट्टीत आहे याच्याशी काय घेणं? वर्गात इतरांबरोबर वाजवायचं असेल तेव्हा मात्र अडचण होते, हे खरं.

सहावीतल्या मुलाच्या आईला तारांमध्ये वेगळाच रस होता. नायलॉनच्या आधी या तारा आतड्याच्या असत, असं सर सांगत होते. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा धागा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागला आणि वादकांना तारा मिळेनात. तेव्हा १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा केल्या आणि आंद्रेस सेगोव्हियासारख्या थोर वादकाने त्या उचलून धरल्या. "म्हणजे कॅटगट!" ती हसली. "आमच्या ऑपरेशन थिएटरातलं. आन् मी आजपर्यंत याच्या गिटारीले हातही नाही लावला."

या नायलॉनमुळेच मुलांसाठी शास्त्रीय गिटार बरी. नायलॉनच्या पूर्ण संचाचा ताण सगळा मिळून चाळीस किलोच्या घरात असतो. स्टीलच्या हलक्या संचाचाही सत्तरच्या वर जातो. बारीक, कडक स्टीलची तार कोवळ्या बोटात रुतते. आईबाप म्हणतात, सिनेमातल्या गाण्यांसारखी खणखणीत वाजत नाही. नाहीच वाजत. तो खणखणीतपणा दोन वर्षांनी आला तरी काही बिघडत नाही. मात्र नायलॉनच्या गिटारीवर स्टीलच्या तारा चढवायचा मोह कधीही होऊ देऊ नये. तिची तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, आणि घोडी तेवढ्या ओढीसाठी केलेलीच नसतात. घोडी उपटून येते. सरांच्या कोपऱ्यात तशी एक गिटार आहे. मुलांना दाखवायला ठेवली आहे.

मगनवाडीत

वर्ग सुटल्यावर सरांनी गोरसपाक काढला; वर्ध्यात पाहुण्याला त्याशिवाय सुटका नाही. पुढच्या रविवारी गिटार पाहायला नागपूरला जायचं ठरलं. मधल्या आठवड्यात मी मगनवाडीत जाऊन आले. गिटारीचा आणि मगन संग्रहालयाचा काय संबंध, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं.

१९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे ग्रामोद्योगांचं संग्रहालय. तिथे चरख्यांच्या रांगेत उभं राहिलं की वस्तूंची मापं डोळ्यांत भरतात. बाईने बसून चालवायचा मोठ्या चाकाचा चरखा. प्रवासात नेता यावा म्हणून पेटीत मिटणारा पेटी-चरखा. आणि तकली: एक काडी आणि तळाला चकती, मुठीत मावणारी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिकण्याच्या पद्धतीचा, अभ्यासक्रम लिहिला गेला. त्यात मुलाच्या हाती आधी तकली येते, चरखा नंतर.

तकलीवर निघतं ते खेळातलं सूत नव्हे. त्याचं कापड होतं. तकली हा खेळण्यातला चरखाही नव्हे. तिची चाल वेगळी, तिचं कसब वेगळं, आणि लहान हाताला ती मोठ्याइतकीच साधते. नई तालीमचं पुढे काय झालं यावर वाद घालणारे वर्ध्यात घरोघरी आहेत, मी त्यात पडत नाही. पण लहान हाताला द्यायचं अवजार लहान असावं आणि तरी खरं असावं, हा विचार या गावात कुणीतरी बारकाईने केला होता, आणि मी त्याच गावात राहून भाच्याला मोठ्या माणसाची गिटार दिली.

लहान गिटारी दोन जातीच्या मिळतात. एक, खेळण्यांच्या दुकानातली, कार्टूनची चित्रं असलेली; तिचे फ्रेट अंदाजाने ठोकलेले असतात आणि ती कधीच सुरात लागत नाही. दुसरी, जिच्या पाठीमागे मोठ्या गिटारीइतकाच हिशेब असतो. दिसायला दोन्ही सारख्याच गोड. कोणती कोणती, ते ओळखायला टेप लागते.

एकोणतीस

नागपूरला आम्ही चौघं गेलो: सर, चौथीतली मुलगी, तिचे वडील आणि मी. वडिलांनी गाडीतच सांगून टाकलं, "आज फक्त पाहाचं हाय जी. कापूस निघाला, पहिला वेचा विकला, का घेतो." त्यांच्या शर्टाच्या खिशात हिशेबाची छोटी वही होती.

दुकानाच्या भिंतीवर गिटारींची रांग लटकलेली, बहुतेक सगळ्या अडतीस इंची, स्टीलच्या तारांच्या. आपल्याकडे दुकानदार गिटार इंचात सांगतो, आणि ते इंच डोक्यापासून बुडापर्यंतचे असतात. डोकं लांब केलं की इंच वाढले. वाजणाऱ्या तारेला त्याचं काही नाही. "बेबीसाठी ही छोटी," म्हणत त्याने अडतीस इंची काढली. सरांनी नायलॉनची मागितली. तो आत जाऊन दोन घेऊन आला. दोन्हींच्या खोक्यांवर तोच आकडा: पाऊण.

सर टेप धरतात कशी, ते पाहण्यासारखं होतं. नटपासून बाराव्या फ्रेटच्या धातूपर्यंत. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, तेव्हा हे माप दुप्पट केलं की तारेची लांबी मिळते. सॅडल किंचित मागे सरकवलेला असतो म्हणून थेट शेवटपर्यंत मोजायला जायचं नाही. पहिली गिटार एकोणतीस सेंटिमीटर भरली. दुसरी पावणेएकतीस. म्हणजे ५८० आणि ६१५.

"दोन्ही पाऊणच आहे सर, कंपनी वेगळी," दुकानदार म्हणाला.

"हो," सर म्हणाले आणि दुसरी बाजूला ठेवली.

मग पहिलीची तपासणी. वडिलांचं आणि सरांचं एटीएम कार्ड, माझी दोन. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. चार एकावर एक ठेवली की तीन मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर तारेखाली ती चळत सरकवायची. मोठ्या माणसाला जाड तारेखाली चार आणि बारीक तारेखाली तीन मिलिमीटर उंची चालते. मुलाला त्याहून खाली हवी. या गिटारीवर चार कार्डं जाड तारेखालून जेमतेम गेली. "ठीक. बाकीचं घासून घेऊ." सॅडल काढून त्याचं बूड सपाट ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासायचं, बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायला सॅडल दोन मिलिमीटर घासावा लागतो. लहान गिटारींची तार कारखान्यातून बहुधा उंचच येते आणि पोराची बोटं दुखतात ती निम्मी यानेच. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण ते सांगत कुणी नाही.

नटची उंची वेगळी पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहायचं; कागद जाईल एवढीच हवी. मग फोनवरचा ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवर तार नुसती शिवून उमटणारा नाजूक सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर ताडून पाहिला. दोन्ही एक आले तर बारावा फ्रेट आणि सॅडल जागच्या जागी आहेत. खुंट्या फिरवताना अडखळतात का, फ्रेटची टोकं दांडीच्या कडेला बोटाला टोचतात का, घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाचं टोक शिरतं का. शिरलं तर डिंक सुटतोय.

दुकानदाराचा वैताग आता कुतूहलात बदलला होता. "सर, एवढं तर कोणी पाहत नाही. लोक रंग पाहतात."

शेवटी मुलीला खुर्चीवर बसवून डाव्या पायाखाली दुकानातलंच एक खोकं दिलं. तिने वर्गात शिकलेली चार सुरांची चढ-उतार वाजवली, एकदा, मग पुन्हा, मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा. वडील दाराशी उभं राहून ऐकत होते. त्यांनी वही काढून किंमत लिहिली आणि त्याखाली २९ लिहिलं. भिंतीवरच्या अडतीस इंचींपेक्षा ती महाग होती. मोठ्या वस्तूला जास्त पैसे पडतात, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब इथे उलटा झालेला दिसत होता, पण त्यांनी फक्त एक विचारलं, "मोठी झाल्यावर हिचं काय?"

"वर्गातच विकली जाईल," सर म्हणाले. "माझ्या अर्ध्या मापाच्या गिटारीने आतापर्यंत पाच पोरं काढली."

कूलरसमोर नको

परतीच्या गाडीत सरांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती फक्त आपल्या भागाला लागू.

चांगल्या गिटारीची तबली सीडर किंवा स्प्रूसच्या सलग फळीची असावी, असं जगभरचे जाणकार सांगतात. तिचा आवाज वर्षागणिक खुलतो. स्वस्त गिटारीची तबली प्लायची असते, पातळ थरांची. सरांचं म्हणणं, वर्ध्यात दहा वर्षांच्या पोराला प्लायचीच द्या. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडीठाक होते, लाकूड आकसतं आणि सलग फळी रेषेत तडकते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तेच लाकूड फुगतं. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते एवढं हलत नाही. आवाज थोडा कमी गोड, पण गिटार टिकते. आणि उन्हाळ्यात फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागली तर गिटार बिघडली असं समजायचं नाही. लाकूड आत गेलं, धातू तिथेच राहिला. कानशीने टोकं गोल करून घ्यायची.

विदर्भातला दुसरा शत्रू म्हणजे कूलर. दुपारी वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारा वारा माणसाला स्वर्गसुख, पण त्याच्या समोर भिंतीवर टांगलेल्या गिटारीला रोज सहा तास पावसाळा आणि कूलर बंद झाला की पुन्हा वैशाख. पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत गिटार ठेवली तर डिंक मऊ पडून घोडी सरकते. आतल्या भिंतीला, खोळीत, कूलरच्या पाठीमागे, अशी जागा बघायची.

"आन् ओसरीत चालते का?" वडिलांनी विचारलं. ते गिटारीची जागा ठरवत होते.

दुमड

हा लेख छापायला जाताना सेलूकडच्या रानात बोंडं फुटायला नुकती सुरुवात झाली आहे. गिटार अजून घेतलेली नाही. दुकानदाराने ती मागच्या खोलीत ठेवली आहे, आणि मुलगी रविवारी सरांच्या गिटारीवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावून वाजवते. सरांच्या गिटारीची दांडी तिला रुंद पडते. मोठ्या शास्त्रीय गिटारीला नटपाशी ५२ मिलिमीटर रुंदी असते, पाऊण गिटारीला ४८ च्या आसपास. पण कोपर वाकतं आणि खांदा खाली असतो. भाऊ मात्र बारावीत गेलेल्या भाच्याला आता गिटार शिकवायची का, असं विचारत होता. भाचा तर अकराव्या वर्षापर्यंतच त्या गिटारीच्या मापाचा झाला होता. पण मोजे कुठे वाळवायचे, असा प्रश्न त्याने उलटा विचारला.

टेलरकाकांची टेप मी दोन दिवसांच्या ऐवजी दोन आठवड्यांनी परत केली. त्यांनी दुसरी विकत आणली होती, तरी जुनी हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत पाहून घेतली.

"किती भरली?"

"एकोणतीस सेंटिमीटर. अर्धंच मोजायचं असतं. मग दुप्पट करायचं."

"घडीवर मोजलं म्हना." हे त्यांना एकदम पटलं. छाती, कंबर, घेर, सगळं तेही कापडाच्या घडीवरच मोजतात. टेप खांद्यावर टाकून त्यांनी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला. मग थांबले.

"आन् दुमड किती ठेवली?"

"दुमड नाही ठेवली."

"मंग पोट्टी वाढल्यावर?"

"तिच्या मागची वापरेल."

त्यांनी थोडा विचार केला, सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "तेही बरोबर हाय. मोठ्या भावाचा सदरा."